बाटलीतील मुरवण : घरगुती बिअरनिर्मितीतील प्रतीक्षेचे शास्त्रीय स्वरूप

सारांश

घरी तयार केलेली बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर मिसळून दुसरे, लहानसे किण्वन घडवून आणले जाते. या किण्वनामुळे बिअरमध्ये वायू विरघळतो, तिला फेस येतो आणि तिची चव मुरते. या पद्धतीचे मार्गदर्शन करताना ‘धीर धरा’ हा सल्ला आवर्जून दिला जातो. मात्र हा धीर कशासाठी, किती काळ आणि नेमका कोणत्या टप्प्यावर धरावयाचा, हे त्या सल्ल्यातून स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेमागील रासायनिक व भौतिक प्रक्रियांचा विचार केला आहे. बाटली भरण्यापूर्वीची प्रतीक्षा सुरक्षिततेशी आणि बाटली भरल्यानंतरची प्रतीक्षा गुणवत्तेशी निगडित असते; पहिलीतील उणीव दुसरीने भरून निघत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : किण्वन, यीस्ट, कार्बन डायऑक्साइड, विशिष्ट गुरुत्व, विद्राव्यता, डायअसेटिल, मुरवण.

१. प्रस्तावना

मराठी माणसाला ‘मुरणे’ ही क्रिया नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. लोणचे घातले की ते लगेच खाण्यास घेतले जात नाही. मीठ फोडींत शिरावे, त्यांना पाणी सुटावे आणि मसाल्याचा उग्रपणा निवावा, यासाठी बरणी काही दिवस बाजूला ठेवली जाते. वरवर पाहता या काळात काहीच घडत नसते; प्रत्यक्षात मात्र बरणीच्या आत बदलांची एक मालिका चालू असते. युरोप व अमेरिकेत घरगुती बिअर तयार करणाऱ्यांच्या दृष्टीने बाटलीबंद बिअरचे पहिले काही आठवडे नेमके याच स्वरूपाचे असतात.

तथापि या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. लोणच्याची बरणी सैल झाकणाची असते. बिअरची बाटली हवाबंद असते. त्यामुळे बाटलीत जे घडते त्याचा दाब बाटलीच्या काचेवर पडतो. येथे घाई केल्यास केवळ चव बिघडत नाही, तर काच फुटून डोळ्यांना किंवा हातांना गंभीर इजा होण्याचा संभव असतो. म्हणूनच या विषयातील ‘धीर’ हा केवळ स्वभावगुण मानून चालत नाही. त्यामागील कारणे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

बिअर ही मुख्यतः अंकुरित करून वाळवलेल्या सातूपासून, म्हणजे माल्टपासून तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवून मिळालेला गोड अर्क हॉप्सच्या फुलांसह उकळला जातो आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळले जाते. यीस्ट अर्कातील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिअरविषयक ग्रंथात किण्वन व बिअरचे बिघडणे यांचा सूक्ष्मजीवांशी असलेला संबंध मांडला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरनिर्मितीसाठी उपलब्ध करून दिले.

या ज्ञानाचा लाभ घेऊन विसाव्या शतकातील मोठ्या कारखान्यांनी बिअर गाळणे, पाश्चरीकरण करणे आणि तिच्यात दाबाखाली वायू मिसळणे या पद्धती स्वीकारल्या. गाळलेल्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट उरत नाही. त्यामुळे बाटलीत पुढे काही घडतही नाही. बाटलीतील नैसर्गिक वायुनिर्मितीसाठी जे आठवडे लागत, ते काम यंत्राच्या साहाय्याने अल्पावधीत होऊ लागले. या एकसुरीपणाविरुद्ध ब्रिटनमध्ये १९७१ साली ‘कॅम्रा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी ग्राहक चळवळ सुरू झाली. जिवंत यीस्टसह पिंपात किंवा बाटलीत मुरणाऱ्या बिअरचा तिने पुरस्कार केला. बेल्जियममध्ये बाटलीतील दुसऱ्या किण्वनाची परंपरा आजही टिकून आहे. तेथील ‘ऑर्व्हाल’ व ‘ड्यूव्हेल’ ही तिची सुपरिचित उदाहरणे होत.

घरगुती निर्मितीचा इतिहास कायद्याशी जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यासाठी परवाना घ्यावा लागत असे. ही अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात राष्ट्रव्यापी दारूबंदी होती. बंदी उठल्यावरही घरगुती बिअरला संघराज्याच्या कायद्याने मोकळीक दिली नव्हती. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये त्यासंबंधीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ती मुभा अमलात आली. त्यानंतर १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील चिको येथे ‘सिएरा नेवाडा’ या कंपनीने बिअरनिर्मिती सुरू केली. तिचे एक संस्थापक केन ग्रॉसमन हे पूर्वी घरगुती बिअरनिर्मितीच्या साहित्याचे दुकान चालवीत असत. या कंपनीच्या ‘पेल एल’मध्ये बाटलीतील दुसऱ्या किण्वनाची पद्धत स्वीकारली गेली, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

या इतिहासाचा मुंबईशीही एक धागा जुळतो. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमधून भारतात पाठवली जाणारी बिअर आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासानंतर मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे पोहोचत असे. या प्रवासात ती पिंपात मुरत असे. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्या व्यापाराची आठवण देते. मात्र आज महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करण्यास १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मनाई आहे. प्रस्तुत विवेचन जेथे घरगुती निर्मिती कायदेशीर आहे अशा देशांतील पद्धतीचे आहे, हे येथे स्पष्ट करणे उचित ठरेल.

३. दुसऱ्या किण्वनाचे गणित

बिअरमधील वायूचे प्रमाण ‘आकारमान’ या एककात सांगितले जाते. एक लिटर बिअरमध्ये शून्य अंश सेल्सिअस व एक वातावरण दाब असताना एक लिटर जागा व्यापणारा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्यास तिच्यात एक आकारमान वायू आहे, असे म्हणतात. वजनात हे प्रमाण प्रतिलिटर सुमारे १.९६ ग्रॅम होते. अमेरिकी पद्धतीच्या पेल एलमध्ये साधारणतः २.२ ते २.७ आकारमाने वायू अपेक्षित असतो. पारंपरिक इंग्लिश एलमध्ये तो याहून कमी, तर जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये बराच जास्त असतो.

किण्वनाच्या समीकरणानुसार १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या साखरेच्या बाबतीत एका ग्रॅममागे सुमारे ०.५१ ग्रॅम वायू मिळतो. वीस अंश तापमानास पहिले किण्वन संपलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८६ आकारमान वायू आधीच विरघळलेला असतो. ही बिअर २० लिटर असून तिच्यात एकूण २.४ आकारमाने वायू हवा असेल, तर १.५४ आकारमानांची भर घालावी लागते. त्यासाठी सुमारे ६० ग्रॅम वायू, म्हणजेच सुमारे ११७ ग्रॅम साखर लागते. ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीच्या वाट्याला यातील दोन ग्रॅमहून किंचित कमी साखर येते.

हे प्रमाण अर्ध्या चमच्याएवढेच आहे. इतक्या अल्प साखरेने बाटलीतील दाब वीस अंश तापमानास बाहेरील हवेच्या सुमारे पावणेतीन पट होतो. यावरून साखर मोजताना वजनकाट्याचा आग्रह का धरला जातो, हे ध्यानात येते. साखर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून सर्व बिअरमध्ये सारखी मिसळणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. ती नीट न मिसळल्यास एक बाटली निर्जीव, तर दुसरी धोकादायक ठरू शकते.

४. पहिली प्रतीक्षा : बाटली भरण्यापूर्वी

वरील गणित एका गृहीतावर आधारलेले आहे. ते गृहीत म्हणजे मूळ अर्कातील किण्वनयोग्य साखर पूर्णपणे संपलेली आहे. हे गृहीत चुकीचे ठरल्यास सर्व हिशेब कोलमडतो.

साखर किती उरली आहे याचा अंदाज हायड्रोमीटर या उपकरणाने घेतला जातो. अर्कात साखर अधिक असेल तर त्याचे विशिष्ट गुरुत्व अधिक असते. किण्वन होत जाते तसे ते उतरते. एखादी बिअर १.०५० पासून सुरू होऊन १.०१० वर स्थिरावणे अपेक्षित आहे, असे समजू. फुगे येणे मंदावले म्हणून ती १.०१६ असतानाच बाटलीत भरली, तर सहा अंशांचे किण्वन बाटलीत होण्यासाठी शिल्लक राहते. ढोबळ मानाने गुरुत्वाच्या प्रत्येक अंशामागे अर्धे आकारमान वायू निर्माण होतो. म्हणजे हेतुपुरस्सर घातलेल्या साखरेच्या वायूत आणखी सुमारे तीन आकारमानांची भर पडते. एकूण प्रमाण ५.४ च्या घरात जाते आणि वीस अंश तापमानास आतील दाब सहा वातावरणांच्या पुढे सरकतो. एवढा दाब शॅम्पेनच्या जाड बाटलीत असतो. बिअरच्या नेहमीच्या बाटलीकडून तो सोसण्याची अपेक्षा करता येत नाही. तापमान वाढल्यास द्रवातील वायूची विद्राव्यता घटते आणि दाब आणखी चढतो.

येथेच या विषयातील सर्वांत महत्त्वाचा, परंतु अनेकदा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा येतो. घाईने भरलेल्या बाटलीला नंतर कितीही काळ दिला, तरी तो दोष निवारला जात नाही. उलट प्रत्येक दिवसागणिक उरलेली साखर आंबत जाते आणि दाब वाढत राहतो. बाटली भरण्यापूर्वी जो धीर धरला नाही, तो नंतर धरल्यास धोका कमी न होता वाढतो. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. येथे मात्र उतावळेपणाचे मोल शारीरिक इजेच्या रूपाने चुकवावे लागू शकते.

म्हणून बाटली भरण्यापूर्वी दोन-तीन दिवसांच्या अंतराने गुरुत्वाची किमान दोन मापने घेऊन ती सारखी आल्याची खात्री करून घेतात. केवळ फुगे थांबणे हा पुरावा मानला जात नाही. तापमान उतरल्याने यीस्ट सुस्तावले असेल, तरीही मापन स्थिर दिसू शकते आणि उबदार जागी ठेवल्यावर तेच किण्वन पुन्हा सुरू होते. त्यामुळे मिळालेला आकडा त्या अर्काकडून अपेक्षित असलेल्या अंतिम आकड्याशी ताडून पाहणे आवश्यक असते. तो बराच वर असल्यास भांडे उबदार जागी हलवून काही दिवस पुन्हा थांबणे हाच योग्य मार्ग होय.

५. दुसरी प्रतीक्षा : बाटली भरल्यानंतर

पहिले किण्वन पूर्ण झाल्यावर भरलेल्या बाटलीत तीन निरनिराळ्या प्रक्रिया चालतात. त्यांचे वेग भिन्न असल्यामुळे प्रतीक्षेचा कालावधीही एकाच आकड्यात सांगता येत नाही.

(अ) वायुनिर्मिती : डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बिअरच्या एका मिलिलिटरमध्येही यीस्टच्या काही लाख पेशी असू शकतात. मात्र या पेशी पहिल्या किण्वनाने थकलेल्या असतात. त्यांच्या भोवती अल्कोहोल असते आणि पोषकद्रव्ये घटलेली असतात. त्यामुळे अर्धा चमचा साखर संपवण्यासही त्यांना वेळ लागतो. वीस ते बावीस अंश तापमानास मध्यम तीव्रतेच्या एलला साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. तापमान पंधरा अंशांपर्यंत उतरल्यास हा काळ बराच लांबतो. आठ-नऊ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या बिअरला कित्येकदा महिने द्यावे लागतात. म्हणून बाटल्या भरताच शीतकपाटात ठेवणे ही नवशिक्यांची चूक ठरते. तेथे यीस्टचे कार्य जवळजवळ थांबते.

(आ) चवीची शुद्धी : नुकत्याच आंबलेल्या बिअरला ‘कच्ची’ म्हटले जाते. तिच्यात असेटाल्डिहाइडमुळे हिरव्या सफरचंदासारखा, तर डायअसेटिलमुळे लोण्यासारखा गंध येऊ शकतो. यांपैकी डायअसेटिलची घडण उद्बोधक आहे. यीस्टच्या पेशींतून प्रथम त्याचा पूर्वघटक बाहेर पडतो. या पूर्वघटकाचे पेशीबाहेर, यीस्टच्या साहाय्याविना, सावकाश डायअसेटिलमध्ये रूपांतर होते. त्यानंतर यीस्ट ते पुन्हा शोषून घेऊन जवळजवळ गंधहीन अशा संयुगांत बदलते. मधला टप्पा मंद असल्यामुळे यीस्ट कितीही सुदृढ असले तरी ही प्रक्रिया एका मर्यादेपलीकडे वेगवान होत नाही. या शुद्धीचा मोठा भाग पहिल्या भांड्यातच व्हावा हे इष्ट असते. परंतु बाटलीतील यीस्टही उरलेले काम करीत राहते. शिवाय भरताना आत शिरलेल्या प्राणवायूचा काही अंश ते वापरून टाकते आणि बिअर शिळी होण्याचा वेग कमी होतो. कारखान्यात गाळलेल्या बिअरला हा लाभ मिळत नाही.

(इ) निवळणे व थंडावणे : वायुनिर्मिती आटोपल्यावर यीस्ट बाटलीच्या तळाशी बसते. थंड जागी ठेवल्यास हा थर अधिक घट्ट होतो. प्रथिने व पॉलिफेनॉल यांच्या संयोगाने येणारा गढूळपणाही काही प्रमाणात खाली बसतो. थंडाव्याचे दुसरे कार्य भौतिक आहे. विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्थिर तापमानास द्रवात विरघळलेल्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असते. तापमान उतरल्यास विद्राव्यता वाढते. वीस अंशांवर पावणेतीन वातावरणांच्या आसपास असलेला दाब चार अंशांवर सुमारे १.७ वातावरणांपर्यंत उतरतो आणि बाटलीच्या गळ्यातील काही वायू बिअरमध्ये उतरतो. म्हणूनच उबदार बाटली उघडल्यास फेस उसळून वाया जातो, तर एक-दोन दिवस थंड ठेवलेली बाटली शांतपणे उघडते आणि पेल्यात बारीक फुगे दीर्घकाळ टिकतात.

६. प्रतीक्षेचे मापन

बंद बाटलीत काय चालले आहे हे पाहता येत नसल्याने अनुभवी निर्माते काही साध्या युक्त्या वापरतात. काचेच्या बाटल्यांबरोबर एक जाड प्लॅस्टिकची, शीतपेयाची बाटली भरली जाते. सुरुवातीस ती दाबल्यास सहज दबते. वायू साठत जातो तशी ती टणक होते. त्यामुळे काचेची बाटली न उघडता दाबाचा अंदाज येतो. दुसरी पद्धत म्हणजे दर आठवड्यास एक बाटली थंड करून उघडणे आणि तिचा आवाज, फेस, गंध व चव यांची तारखेनिशी नोंद ठेवणे. वीस लिटरच्या एका खेपेत ३३० मिलिलिटरच्या सुमारे साठ बाटल्या होतात. त्यांतील तीन-चार या अभ्यासासाठी खर्ची पडल्या तरी पुढील खेपेसाठी मिळणारे ज्ञान अधिक मोलाचे असते.

या काळात बाटल्या उभ्या, अंधाऱ्या जागी आणि झाकणाच्या खोक्यात ठेवल्या जातात. प्रकाशामुळे हॉप्समधील घटकांचे विघटन होऊन उग्र दर्प निर्माण होतो, तर खोक्यामुळे एखादी बाटली फुटलीच तरी काचा बाहेर उडत नाहीत. उघडलेली बाटली अपेक्षेहून जोरात उसळल्यास संपूर्ण खेप संशयास्पद मानून, डोळ्यांवर संरक्षक चष्मा व हातात जाड मोजे घालून बाटल्या थंड केल्या जातात आणि सावधपणे दाब सोडला जातो.

७. प्रतीक्षेची मर्यादा

‘जितके जुने तितके उत्तम’ हा समज बिअरच्या बाबतीत सरसकट खरा नाही. हॉप्सचा ताजा सुगंध हेच जिचे वैशिष्ट्य, अशा बिअरचा तो सुगंध महिन्यागणिक उणावतो. गव्हाची बिअरही ताजी असतानाच रुचकर लागते. दीर्घकाळ व उष्ण जागी ठेवलेल्या बिअरला ऑक्सिडीकरणामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. याउलट अधिक अल्कोहोल व भाजलेल्या माल्टचे प्रमाण असलेल्या गडद बिअर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ सुधारत जाऊ शकतात. तेव्हा प्रतीक्षेचा शेवट ओळखणे हाही प्रतीक्षेचाच भाग होय.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की घरगुती बिअरनिर्मितीतील धीर हा एकजिनसी नाही. बाटली भरण्यापूर्वीचा धीर हायड्रोमीटरच्या आकड्याशी बांधलेला असून त्यावर सुरक्षितता अवलंबून असते. तेथे तडजोडीला जागा नाही. बाटली भरल्यानंतरचा धीर तापमान, अल्कोहोलचे प्रमाण व बिअरचा प्रकार यांनुसार बदलतो. तेथे घाई झाल्यास फार तर एक कच्ची बाटली पदरी पडते. या दोहोंतील फरक न सांगता दिलेला ‘थांबा’ हा सल्ला अपुरा आहे, कारण अपूर्ण किण्वनाची बिअर भरून थांबणारा माणूसही तो सल्ला पाळतच असतो.

कारखान्याने दाबयंत्र व गाळणी यांच्या बळावर हा काळ विकत घेतला. घरगुती निर्मात्याकडे ही साधने बहुधा नसतात. त्याच्याकडे वजनकाटा, हायड्रोमीटर, तापमापक आणि नोंदवही असते. या चार साधनांनी केलेली प्रतीक्षा ही निष्क्रियता नसून निरीक्षणाची एक शिस्त आहे. कोणत्या टप्प्यावर थांबावयाचे हे जाणणाऱ्यालाच पुढे किती थांबावयाचे हा प्रश्न निर्धास्तपणे विचारता येतो.